संगणक अडतो कुठे, ते आधी पाहा

घरातल्या जुन्या छोट्या लॅपटॉपवर हौसेने लिनक्स चढवावे, सारे सुरळीत पार पडल्याचा निरोप पडद्यावर यावा आणि यंत्र पुन्हा सुरू करताच समोर नुसता काळा पडदा! मुलांचे फोटो, घराचे हिशेब, सगळे त्याच डब्यात. अशा वेळी घाबरून लोक सारे पहिल्यापासून पुन्हा चढवू लागतात. ती घाई करूच नये. बिघाड एखादे वेळी क्षुल्लक असतो, पण या घाईत उरलीसुरली माहितीही पुसली जाऊ शकते.

संगणक सुरू होणे ही एक साखळी आहे. बटण दाबताच यंत्रात कायमचा वस्तीला असलेला बायोस जागा होतो. तो डिस्कवरच्या बूटलोडरला हाक मारतो, बूटलोडर लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल उचलतो आणि कर्नल पुढचा संसार मांडतो. कडी कोणती तुटली, एवढेच शोधायचे. १९९० च्या दशकातला ‘लिलो’ हा बूटलोडर तर आपल्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर उमटवत पुढे सरकत असे. ‘एल-आय’ वर थांबला, तर दुसरा टप्पा सापडला पण चालला नाही, असे जाणकार लगेच ओळखत.

आताचा ‘ग्रब’ इतका प्रामाणिक नाही, तरी खूण देतो. ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरे दिसली, तर बायोसने आपले काम केले. ग्रबला स्वतःच्या फायली सापडत नाहीत. डिस्कचा एखादा भाग पुसला वा हलवला की असे होते. बूट करण्याजोगे काहीच नाही, असा संदेश आला तर पेनड्राइव्ह पुन्हा लावून पाहावा. तो लावताच यंत्र सुरळीत चालू लागले, तर बूटलोडर डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरच जाऊन बसला आहे! ही चूक भल्याभल्यांकडून होते. नव्या यंत्रांत आणखी एक मेख असते: पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने आणि डिस्क नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू होत असेल, तर दोघांचे जमत नाही. ग्रबची यादी दिसते पण नंतर पडदा काळा राहतो, तेव्हा संशय चित्र दाखवणाऱ्या चिपवर घ्यावा. यादीत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा इंग्रजी शब्द जोडला की पुष्कळदा पडदा उजळतो.

काहीही दुरुस्त करण्यापूर्वी त्याच पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ लिनक्स सुरू करावे आणि डिस्कवर उरलेले फोटो, हिशेब दुसरीकडे उतरवून घ्यावेत. ग्रब नंतर पुन्हा बसवता येतो.

कधी दोष लिनक्सचा नसतोच. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील लहानशा शाळेत ऑक्टोबर २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते एक्सओ यंत्र लिनक्सवरच चालणारे. २५६ एमबी स्मृती, १ जीबी साठवण, हार्ड डिस्क नाहीच. जगभर वाटलेल्या या जातीच्या पहिल्या यंत्रांपैकी काही पुढे अचानक सुरू होईनाशी झाली. पडद्यावर तक्रार एकच: तारीख चुकीची. चोरीला आळा बसावा म्हणून त्यांत मुदतीचा परवाना तपासण्याची सोय होती, आणि त्यासाठी घड्याळ बरोबर हवे. यंत्र धडधाकट, लिनक्सही शाबूत. घड्याळाला वीज पुरवणारी शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी तेवढी आपल्या खाचेत सैल झालेली.