रेडिएटर झडप
रेडिएटर झडप : थंड हवामानाच्या प्रदेशांत घरे उबदार ठेवण्यासाठी खोल्यांमधून रेडिएटर बसविलेले असतात. त्यांतून वाहणाऱ्या गरम पाण्याचा प्रवाह कमीजास्त करणाऱ्या साधनास रेडिएटर झडप म्हणतात. खोलीतील हवेच्या तापमानानुसार आपोआप उघडझाप करणाऱ्या प्रकारास तापनियंत्रक झडप असे नाव आहे. एकाच बॉयलरमधून सर्व घरास उष्णता मिळत असली, तरी या झडपांमुळे प्रत्येक खोलीचे तापमान वेगळे ठेवता येते.

महाराष्ट्रात अशा तापनाची गरज सहसा भासत नाही. सांगली जिल्ह्यातील आष्टा येथे हिवाळ्यातील पहाटेची थंडी शेकोटी व गोधडी यांवर निभावते आणि उन्हे वर आली की ओसरते. मात्र शिक्षणासाठी वा नोकरीसाठी ब्रिटन, जर्मनी यांसारख्या देशांत गेलेल्या मराठी कुटुंबांना या झडपेचा वापर पहिल्याच हिवाळ्यात शिकून घ्यावा लागतो. इंधनाचा खर्च व घरातील माणसांचे आरोग्य ही दोन्ही काही अंशी तिच्यावर अवलंबून असतात.

इतिहास : जमिनीखालून गरम हवा खेळवून इमारती तापविण्याची पद्धत प्राचीन रोमन लोकांस माहीत होती. नळांतून गरम पाणी फिरवून तापन करण्याच्या एका पद्धतीचे एकस्व (पेटंट) इंग्लंडमध्ये अँजियर मार्च पर्किन्स यांनी १८३१ साली घेतले. ओतीव लोखंडाच्या रेडिएटराच्या निर्मितीचे श्रेय सामान्यतः सेंट पीटर्झबर्ग येथील फ्रांट्स सान गाल्ली यांना देण्यात येते (सु. १८५५). रेडिएटरावर बसविण्याची तापनियंत्रक झडप डेन्मार्कमध्ये मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ साली तयार केली. १९७३ मधील खनिज तेलाच्या संकटानंतर यूरोपात इंधनबचतीस महत्त्व आले. पश्चिम जर्मनीत १९७६ साली ऊर्जाबचतीचा कायदा झाला व त्याखालील नियमांनी पुढे खोलीनिहाय नियंत्रण आवश्यक ठरविले.

रचना व कार्य : झडपेचे दोन भाग असतात. पितळी धड नळास जोडलेले असते व त्यात पाण्याचा मार्ग बंद करणारी तबकडी आणि तिची दांडी असते. धडावर बसविलेल्या फिरत्या टोपीत मेण, द्रव किंवा वायू भरलेली लवचिक डबी असते. खोली तापली की डबीतील पदार्थ प्रसरण पावतो, दांडी आत ढकलली जाते व प्रवाह आवळला जातो. खोली निवली की पदार्थ आकुंचन पावतो आणि स्प्रिंग दांडीस मागे लोटते. या क्रियेस वीज लागत नाही. मेणाच्या डबीचा प्रतिसाद द्रवाच्या डबीपेक्षा मंद असतो.

साध्या, हाताने फिरवावयाच्या झडपेने असे सूक्ष्म नियंत्रण साधत नाही. रेडिएटरातील प्रवाह निम्मा केला, तरी पाणी आत अधिक वेळ राहून अधिक निवते. त्यामुळे खोलीस मिळणारी उष्णता निम्मी न होता थोडीच घटते. शिवाय ऊन, स्वयंपाक, माणसांची ये-जा यांमुळे उष्णतेची गरज दिवसभर बदलत असते.

आकड्यांचा अर्थ : टोपीवरील १ ते ५ हे आकडे उष्णतेचा जोर दर्शवीत नाहीत, ते इच्छित तापमान दर्शवितात. बहुतेक झडपांत ३ म्हणजे सु. २०° से. असते व एका आकड्याने सु. ४° से. फरक पडतो. हिमकणाचे चिन्ह सु. ६° ते ८° से. तापमान राखते. पाणी गोठताना सु. ९ टक्के प्रसरण पावून नळ फुटण्याचा संभव असल्याने रिकाम्या घरातही ही मर्यादा पाळतात. झडप ५ वर नेल्याने खोली लवकर तापते, हा समज चुकीचा आहे. थंडगार खोलीत ३ वर ठेवलेली झडपही पूर्ण उघडीच असते; ५ वर ठेवल्यास खोली २०° से.च्या पुढे तापत राहते, एवढाच फरक होतो.

प्रवाहाचा समतोल : कृष्णा व वारणा या नद्यांमधील पट्ट्यात उपसा सिंचनाच्या नळावर पंपाजवळच्या तोट्या पूर्ण सोडल्या, तर शेवटच्या शेतकऱ्यास पाणी अपुरे पडते. घरातील नळजालातही हेच घडते. बॉयलरजवळचे रेडिएटर बरेचसे पाणी ओढतात व दूरची खोली थंड राहते. म्हणून प्रत्येक रेडिएटराच्या दुसऱ्या टोकाची जुळवणीची झडप एकदाच योग्य तेवढी आवळून प्रवाह समतोल करतात. हे काम तापनियंत्रक झडप करू शकत नाही. सर्व झडपा एकाच वेळी मिटल्यास पंपावर ताण येऊ नये म्हणून पाण्यास एक पर्यायी मार्ग ठेवतात. ज्या खोलीत बॉयलर चालू-बंद करणारा भिंतीवरील तापनियंत्रक असतो, तेथे तापनियंत्रक झडप बसवीत नाहीत. तसे केल्यास ती खोली अपेक्षित तापमानास पोहोचत नाही व बॉयलर विनाकारण चालू राहतो.

मर्यादा व दक्षता : टोपीवर जाड पडदा किंवा फर्निचर आल्यास तेथे ऊब कोंडते, झडप लवकर मिटते व खोली थंड राहते. उलट, खिडकी उघडी राहिल्यास थंड हवेमुळे झडप पूर्ण उघडते व उष्णता वाया जाते. म्हणून झडप बंद करून खिडक्या काही मिनिटे पूर्ण उघडाव्यात व नंतर मिटून घ्याव्यात. उन्हाळाभर मिटलेली दांडी अडकण्याचा संभव असल्याने त्या काळात झडप पूर्ण उघडी ठेवणे हिताचे असते.

न वापरातील खोल्यांचे रेडिएटर बंद करून होणारी बचत अपेक्षेपेक्षा कमी असते, कारण शेजारच्या खोलीतील उष्णता आतल्या भिंतींतून व दारांतून तिकडे जातच असते. त्याचबरोबर स्वयंपाक, आंघोळ व कपडे वाळविणे यांमुळे दमट झालेली हवा त्या थंड खोलीत शिरते, तिच्यातील बाष्प भिंतींवर साचते व बुरशी धरते. बुरशीमुळे श्वसनाचे विकार बळावतात व याचा उपद्रव लहान मुलांस विशेष होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार थंडीच्या दिवसांत घरातील तापमान किमान १८° से. असावे, वृद्ध व आजारी यांच्यासाठी ते अधिक असणे इष्ट मानले जाते. म्हणून बैठकीची खोली सु. २०° से. व निजण्याची खोली सु. १८° से. ठेवणे, क्वचित वापरातील खोली अगदी थंड न होऊ देणे आणि मधली दारे मिटणे, ही रीत काटकसर व आरोग्य या दोन्ही दृष्टींनी योग्य ठरते.

अलीकडे विद्युत् घटावर चालणारी लहान चलित्रे बसविलेल्या इलेक्ट्रॉनीय झडपा प्रचारात आल्या आहेत. त्यांत दिवसाच्या वेळांप्रमाणे तापमान आधीच ठरवून ठेवता येते व खिडकी उघडल्याचे तापमानाच्या घटीवरून ओळखून काही झडपा आपोआप मिटतात. तथापि प्रवाहाचा समतोल, भिंतींचे उष्णतारोधन व पुरेसे वायुवीजन यांची उणीव त्यांनी भरून निघत नाही.