रडता रडता बाळाचा श्वास कोंडला तर



लावणीच्या दिवसांत मोठी माणसे शेतात असतात आणि लहान मूल आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या हवाली असते. मूल हट्टाने रडते, एकाएकी आवाज बंद होतो, ओठ निळे पडतात आणि ते मान टाकते. मग घरात आकांत! कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा नाहीतर चप्पल हुंगवतो, कोणी बाहेरची बाधा समजून भगताकडे धावतो. कोठे कोठे कोवळ्या पोटावर डागही देतात. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात असावी.

हे काय असते?

शंभर निरोगी मुलांपैकी सुमारे ५ मुलांना ६ महिने ते ६ वर्षे या वयात असे होते. रागाने रडताना मूल श्वास बाहेर सोडते आणि आत घेणे थांबते. ते हे मुद्दाम करीत नाही. काही मुले मात्र आपटल्यावर किंवा दचकल्यावर पांढरीफटक पडतात, कारण त्यांच्या हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात. हातपाय ताठतात, एखादा झटकाही येतो, पण ते फेफरे नव्हे. बहुधा एका मिनिटाच्या आत श्वास आपोआप सुरू होतो. मेंदूला इजा होत नाही.

काय करावे?

१. मुलाला जमिनीवर कुशीवर निजवा. जवळचा विळा, दगड, चूल यांपासून दूर ठेवा.

२. तोंडात बोट, चमचा किंवा पाणी घालू नका. गदागदा हलवू नका.

३. शुद्धीवर आल्यावर जवळ घ्या. मारू नका, रागावू नका.

४. खाताना किंवा तोंडात शेंगदाणा, चिंचोका असताना श्वास अडकला, तर ती गोष्ट वेगळी. मुलाचे डोके खाली करून खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोराने थोपटा आणि १०८ ला फोन करा.

पहिल्यांदा असे झाले की डॉक्टरांना दाखवावेच. मूल ६ महिन्यांहून लहान असेल, न रडता किंवा खेळताना कोसळत असेल, किंवा नंतर बराच वेळ गुंगीत राहत असेल, तर विलंब नको. मिनिटानंतरही श्वास आला नाही तर लगेच १०८.

रक्त कमी आहे का?

अंगात लोह कमी असलेल्या मुलांना हा त्रास अधिक होतो व लोहाचे औषध दिल्यावर पुष्कळांचा कमी होतो. म्हणून रक्त तपासून घ्या. २०१८ पासून ‘अॅनिमिया मुक्त भारत’ योजनेत ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा १ मि.ली. लोहाचे औषध ठरलेले आहे. त्याविषयी आशाताईंना विचारा. जंताची गोळी अंगणवाडीत मिळते. नाचणी, पालेभाजी, अंडे, मासळी द्या, वर लिंबू पिळा. चहा मुळीच नको. नुसत्या दुधावर मूल ठेवू नका.

एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. पुन्हा श्वास कोंडेल या भीतीने प्रत्येक हट्ट पुरवू नका. नाही म्हणायचे तेथे शांतपणे नाही म्हणा, मुलाचे मन दुसरीकडे वळवा. आणि यात आईला किंवा सुनेला दोष देऊ नका. तिचा काहीच अपराध नसतो.

प्रार्थना अवश्य करा, पण डागणे व अंगारा यांना घरात थारा देऊ नका. मुलाला श्वास परमेश्वराने दिला आहे. तो जपण्याची समजही त्यानेच आपल्याला दिली आहे.