शून्याविना सत्तर हजार

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. त्यांत सत्तर हजार कार्षापण नाण्यांची नोंद अक्षरांतही आहे आणि अंकांतही. त्या अंकलेखनात शून्य नव्हते. हजाराच्या चिन्हाला सत्तराचे चिन्ह जोडले की झाले ७०,०००! पस्तीस कार्षापणांचे एक सुवर्ण, म्हणून एकूण २,००० सुवर्ण, हा हिशेबसुद्धा दगडातच कोरून ठेवला आहे. मला हे विलक्षण वाटते.

जपानी लिपीत ही जोडणी आजही चालते: तीनचे चिन्ह, पुढे हजाराचे, की तीन हजार. फक्त दहा हजाराला तिथे ‘मान’ हे स्वतंत्र एकक आहे. त्यामुळे आपला लाख म्हणजे दहा मान, कोटी म्हणजे हजार मान. उषवदाताची रक्कम जपानी माणूस सात मान अशी लिहील.