तांड्यावरचं लाईव्ह लोक का बघतात?

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या बंजारा तांड्यावरून होळीची लेंगी किंवा श्रावणातली तीज साध्या मोबाईलवरून लाईव्ह दाखवली, तरी लोक थांबून बघतात. का? धंदा करायचा असेल तर हे 'का' आधी समजून घ्या.

१. घरापासून लांब असलेला माणूस: दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं होळीलाही कित्येकदा फडातच असतात. त्यांना नुसता कार्यक्रम नको, आपला तांडा बघायचा असतो.

२. भाषा: टीव्हीवर गोरबोली क्वचितच कानावर पडते. लाईव्हमध्ये आपलं नाव घेऊन कुणी गोरबोलीत बोललं, की माणूस टिकतो.

३. बाहेरचा प्रेक्षक: तीजेला मुली टोपलीत गहू का पेरतात, फेटियावर आरसे कसे लावतात, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. दोन वाक्यांत मराठीत सांगा. यातलेच काहीजण पुढे गिऱ्हाईक होतात.

मग विकायचं कधी? सण चालू असताना नाही. आपलेपणासाठी आलेला माणूस दुकान दिसलं की निघून जातो. भरतकामाचं लाईव्ह वेगळ्या दिवशी ठेवा. एकेक टाका हाताने पडताना दिसला, की पिशवीची किंमत पटते. घासाघीस कमी होते.

दोन गोष्टी पक्क्या करा. दाखवण्याआधी बायाबापड्यांची परवानगी घ्या आणि कमाईत त्यांचा वाटा ठरवा. आणि यूट्यूबवर पहिल्यांदा लाईव्ह चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून तयारी आठवडाभर आधीच करा.

तुमच्या गावातलं काय दाखवाल? आजच वहीत लिहून काढा.