एका घरातल्या अनेक अडचणी: मदत कोठून सुरू करावी?



भातकापणी उरकली, दिवाळी झाली की रायगड आणि पालघर जिल्ह्यांतल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर गेलेली कुटुंबे पावसाळा तोंडावर आल्यावरच परततात. "या लोकांना आम्ही काय पाठवू? धान्य, औषधे, वह्या की कपडे?" असे मंडळीतले अनेकजण प्रेमाने विचारतात. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात का देता येत नाही, ते आज समजून घेऊ या.

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमातींची नोंद केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. खैराच्या झाडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा पूर्वीचा धंदा. त्यावरूनच त्यांना हे नाव पडले. जंगलावर बंधने आली आणि तो धंदा बुडाला. आज त्यांच्यातल्या बहुतेकांना स्वतःची शेती नाही. पुष्कळांची झोपडीसुद्धा दुसऱ्याच्या जागेवर उभी असते.

समजा, अशा एका घरात नवरा-बायको आणि तीन लेकरे आहेत. पावसाळ्यात काम कमी, त्यात कोणी आजारी पडले. अशा वेळी भट्टीमालकाकडून उचल घेतली जाते. ती फेडण्यासाठी सारे घर भट्टीवर जाते. मोठ्या मुलाची शाळा सुटते, धाकट्याची अंगणवाडी आणि तिथला आहार सुटतो. गावचे रेशन उचलायला कोणी उरत नाही. धाकटे लेकरू अशक्त होते, आजारी पडते आणि औषधपाण्यासाठी पुन्हा मालकापुढेच हात पसरावा लागतो. हंगाम संपताना हिशेब होतो, तेव्हा अंगावर थोडी बाकी राहिलेलीच असते. पुढच्या वर्षीची वाट तिथेच ठरते.

यातली प्रत्येक अडचण सोडवण्यासाठी सरकारी सोय आहे. पण अंगणवाडी एका खात्याकडे, रेशन दुसऱ्याकडे, जातीचा दाखला प्रांत कार्यालयात, तर आदिवासी योजना प्रकल्प कार्यालयात. प्रत्येक दारात वेगळा कागद मागतात. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा कधी शाळेत गेले नाहीत आणि ज्यांच्या नावावर कधी जमीन नव्हती, त्यांनी तो आणायचा कोठून? घरकुल मंजूर झाले तरी ते बांधायला जागा हवी. प्रत्येक कार्यालयाला एकच अडचण दिसते. त्या घराला मात्र साऱ्या एकाच दिवशी सोसाव्या लागतात.

म्हणूनच अशा कुटुंबाबरोबर एका माणसाने सतत राहणे ही सर्वांत मोठी सेवा ठरते. हा कार्यकर्ता स्वतः सर्व काही देत नाही. तो घराची सगळी गाऱ्हाणी एकत्र ऐकतो, कोणते काम आधी करायचे ते घरच्यांबरोबर ठरवतो आणि त्यांच्यासोबत कचेरीत जातो.

पहिला क्रम जिवाचा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजले जाते. सरकारी पोषण पुनर्वसन केंद्रात उपचार मोफत मिळतात, पण आईला बाळाजवळ राहावे लागते. घरी आणखी दोन लेकरे असली की ती नाही म्हणते. तिला दोष देऊन काय होणार? त्या दोन लेकरांना सांभाळणारे कोणी मिळाले, तर ती जाते. इथे औषधापेक्षा शेजारधर्म उपयोगी पडतो.

दुसरा क्रम कागदांचा. जन्माचा दाखला, आधार, शिधापत्रिका, मग जातीचा दाखला. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळते आणि आता ते भट्टीजवळच्या रेशन दुकानातही घेता येते. पण हे अनेकांना माहीत नसते. शिवाय विटा थापून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही, असेही घडते. अशा वेळी दुकानदाराशी बोलायला कोणी सोबत असले, तर रिकाम्या हाताने परतावे लागत नाही.

तिसरा क्रम उचल टाळण्याचा. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 साली केला. पण काम मिळण्यासाठी लेखी मागणी करावी लागते आणि तिची पोचपावती जपून ठेवावी लागते. हा अर्ज दिवाळीनंतर देऊन उपयोग नाही. उचल हातात पडण्याआधीच तो गेला पाहिजे. आणि उचलीच्या नावाखाली कोणाला डांबून ठेवले असेल, तर 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने ती वेठ आणि ते कर्ज दोन्ही रद्द ठरतात. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे. त्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर काळजी घेतली, पैसे दिले आणि परत येण्याचेही कबूल केले. एका जखमी माणसासाठी एवढी कामे लागली, आणि त्यातले एक गाळले असते तर बाकीची वाया गेली असती.

तेव्हा, प्रियजनहो, धान्य आणि कपडे जरूर द्या. भुकेला थांबता येत नाही. पण तुमच्या देणगीतला काही भाग कार्यकर्त्याच्या एसटी भाड्यासाठी, झेरॉक्ससाठी आणि तालुक्याला घातलेल्या पाचव्या खेपेसाठी खर्च झाला, तर तो वाया गेला असे मानू नका. ज्यांना सवड आहे त्यांनी अर्ज लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे. आणि प्रार्थनेत वाड्यांची आठवण कराल, तेव्हा येत्या दिवाळीनंतर ज्यांना घर बंद करून जावे लागणार आहे, त्या आयांसाठी व लेकरांसाठी अवश्य मागा.