झडीचे दिवस आणि घरातली चित्रे

आषाढ-श्रावणात झड लागली की शेतात पाऊल घालता येत नाही. वाफसा नाही म्हणून खुरपणी नाही, कोळपणी नाही. गुरांचे वैरणपाणी आटोपले की सारे घर पडवीत गोळा होते. पोरे एकमेकांच्या खोड्या काढतात नाहीतर मोबाईल घेऊन कोपरा धरतात, आणि घरधनी दर अर्ध्या तासाने आभाळ पाहून येतो. वाचकहो, अशा दोन-चार दिवसांत घरातल्या सगळ्यांनी मिळून करावा असा एक उद्योग आज सुचवावासा वाटतो. मूठभर तांदूळ, गेरूचा खडा आणि बांबूची काडी एवढे घरात असले की पुरे.

“आम्हाला कुठे चित्र काढता येते?” असे तुम्ही म्हणाल. मग नागपंचमीला पाटावर नाग कोण काढते? चातुर्मासात देवापुढे गोपद्मे, चैत्रात अंगणात चैत्रांगण, हादग्याचा हत्ती, दिवाळीत शेणाचे पांडव, हे सारे आपल्याच घरात होत आले आहे. बायकांचे सणाचे काम म्हणून आपण त्याकडे पाहिले, चित्रकला म्हटले नाही, इतकेच.

डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांतही असेच होते. लग्न ठरले की सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठीने चौक लिहीत आणि त्यात पालघाट देवी मांडीत. १९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने त्या पाड्यांवर कागद नेला, आणि भिंतीवरचे चित्र जगापुढे आले. हेच कुलकर्णी १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधील मिथिलेत गेले होते. पीक बुडालेले, घरात दाणा नाही, अशा वेळी भिंतींवर चित्रे काढणाऱ्या तिथल्या बायकांना कागद मिळाला आणि चार पैसे हाती आले. त्यांच्यातल्या जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांना तो मान २०११ साली मिळाला. २०१८ साली ते वारले. मुळात बायकांच्या हातची ही कला एका पुरुषाने आयुष्यभर जपली, हे ‘असली कामे पुरुषांची नव्हेत’ म्हणणाऱ्या घरधन्याने जरूर ध्यानात घ्यावे.

आता कामाला लागू. तांदळाची कणी चार तास भिजत घाला, पाट्यावर गंधासारखी बारीक वाटा आणि फडक्यातून गाळून घ्या. पिठी घावनाच्या पिठाइतकी पातळ हवी. बाभळीचा डिंक आदल्या रात्री भिजवून त्याचे चमचाभर पाणी पिठीत घातले तर चित्र वाळल्यावर हाताला लागत नाही. एका वेळी वाटीभरच करा, कारण ती दुसऱ्या दिवशी आंबते. बांबूची हिरवी काडी घेऊन तिचे टोक ठेचा, म्हणजे धागे सुटून कुंचला तयार होतो. ओली रेघ फिकट दिसते आणि वाळल्यावर पांढरी उठते. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती धीर सोडून रेघेवर रेघ ओढत बसतात.

भिंत मातीची असेल तर आधी शेणमातीचा हात द्या. तो पुरता वाळला की रात्रभर भिजवलेल्या गेरूचे दोन हात द्या. पावसाळ्यात बाहेरची भिंत धरू नका, चूल असलेल्या खोलीची कोरडी भिंत बरी. सिमेंटच्या भिंतीवर गेरूतही डिंक घालावा लागतो. तैलरंग दिलेली भिंत मात्र गेरूला धरून ठेवीत नाही. तिथे प्लायवूडचा तुकडा, ताणून बसवलेले तरट किंवा जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ घ्या. तरटाला आधी शेणमातीचा पातळ हात दिला म्हणजे छिद्रे बुजतात.

पिवळ्यासाठी हळद, काळ्यासाठी कोळसा, निळ्यासाठी कपड्यांची नीळ. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून ती खिडकीसमोर वापरू नये. चुना मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. आणि एक गोष्ट बजावून सांगतो: रंग कालवायला औषधफवारणीचे रिकामे डबे, बाटल्या घेऊ नका, कितीही धुतल्या असल्या तरी. करवंट्या आहेतच.

काढायचे काय? तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे हे चित्र आता पिशव्यांवर, कपांवर, सरकारी इमारतींच्या भिंतींवर सगळीकडे दिसते. ते पाहून तेच गिरवू नका. पद्धत घ्या. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणसाचे धड झाले, वर टिकली एवढे डोके, खाली दोन रेघा, आणि तो माणूस चालायला लागतो. या माणसाला तुमच्या शेतात पाठवा. त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप द्या, दूध डेअरीवर रांगेत उभा करा, रात्री वीज आली म्हणून कंदील-बॅटरी घेऊन पाणी धरायला बांधावर धाडा. भात लावणाऱ्या बायकांची वाकलेली ओळ तर या त्रिकोणांतून फार सुरेख उतरते. मुलांना विहीर वरून दिसते तशी काढू द्या, बैल बाजूने. एका चित्रात दोन्ही चालते. मोजपट्टी मात्र हातात देऊ नका.

पालघाट देवीचा चौक मात्र सोडून द्यावा. तो त्या लोकांचा देव आहे, शोभेची वस्तू नव्हे. आपली पिठोरी कोणी चहाच्या कपावर छापली तर आपल्याला कसे वाटेल?

ज्यांना भिंत नको त्यांनी बेंदूर-पोळ्याचे बैल घरीच करावेत. काळी माती वाळताना आकसते आणि तडकते. उन्हाळ्यात रानाला पडलेल्या भेगा आपण पाहतोच. म्हणून ती चाळून तिच्यात थोडी राख आणि पिंजलेला कापूस मळून घ्यावा. पाय जाड ठेवावेत आणि बैल सावलीतच वाळवावा. पावसाळी हवेत चार-सहा दिवस लागतात.

यातून पैसे मिळतील का, असे विचारणारे पुष्कळ असतात. त्यावर भरवसा ठेवू नका. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे आपले हौशीचे काम त्या नावाने विकणेही बरे नाही. घरची भिंत, लेकीच्या लग्नाचा मांडव, शाळेचा वऱ्हांडा एवढी जागा हौसेला पुष्कळ आहे.

पण या सगळ्यापेक्षा निकडीचे काम निराळेच आहे. लक्ष्मीची पावले चिकटपट्टीवर मिळू लागली, रांगोळीचे छाप आले, अंगणाला फरशी झाली. तुमच्या आजीला जो नाग, जे चैत्रांगण येते, ते तिच्या सुनेला अर्धे येते आणि नातीला येत नाही. म्हणून या झडीत शंभर पानी वही आणा आणि आजीला काढायला बसवा. हात थरथरत असेल तर तिने बोटाने पिठात काढावे, नातवाने वहीत उतरवावे. कुठून सुरुवात करते, कोणता ठिपका आधी देते, तेही लिहा. आणि तिला हे कोणी शिकवले, तिचे माहेर कोणते, हे जरूर विचारा. कारण ही चित्रे सासरची क्वचितच असतात. लग्न होऊन आलेल्या मुली ती माहेराहून आणतात. एकाच घरात सासूचा नाग वेगळा आणि सुनेचा वेगळा, हे तुम्हाला अनेक घरांत दिसेल. दोन्ही समोरासमोरच्या पानांवर घ्या, खाली नाव आणि तारीख घाला.

वही भरली की तिच्यात कडुलिंबाची चार वाळलेली पाने ठेवा, म्हणजे कसर लागत नाही. पावसाळाभर ती ओलीच्या भिंतीपासून दूर, पत्र्याच्या पेटीत ठेवावी.