मोबाइलवरची होडी

मी कोथरूडला राहतो. पुण्याच्या या भागात समुद्र नाही, खाडी नाही. पण इथून पौड रस्त्याने निघाले, मुळशी मागे टाकली आणि ताम्हिणी घाट उतरला, की माणूस कोकणात पोचतो. गेल्या वर्षी एप्रिलात त्याच वाटेने माझा एक जुना विद्यार्थी माझ्याकडे आला. रायगड जिल्ह्यात खाडीकाठी त्याचे गाव. धंदा मासेमारीचा. बायको बरोबर होती. दोघांची तोंडे उतरलेली. त्याने मोबाइल काढला आणि मला एका होडीचे चित्र दाखवले.

"गुरुजी, या होडीचा विसार मी दिला. पण होडी कुठे आहे, ते मला ठाऊक नाही."

झाले होते असे. पूर्वी वर्तमानपत्रात छोट्या जाहिराती येत. 'सायकल विकणे आहे', 'शिलाई यंत्र विकणे आहे', अशा. आता त्या मोबाइलवर येतात. तिथे म्हैस मिळते, ट्रॅक्टर मिळतो, वापरलेली होडीसुद्धा मिळते. याची होडी जुनी झाली होती. मोबाइलवर त्याला एक होडी दिसली. किंमत बाजारापेक्षा निम्मी. त्याने फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलला. "होडी रेवदंड्याला आहे. मला लगेच परगावी जायचे आहे, म्हणून स्वस्तात देतो. दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. आताच पाच हजार पाठवा." याने पाठवले. दोन दिवसांनी तो म्हणाला, "आणखी पंधरा हजार पाठवा. होडी गाडीवर घालून तुमच्या दारात आणून देतो."

पैसे उभे करायला बायकोच्या पाटल्या गहाण पडणार होत्या. ती नुकतीच गावच्या वर्गात लिहा-वाचायला शिकली होती. तिने ते चित्र जवळ घेऊन नीट पाहिले आणि म्हणाली, "अहो, आपल्या होड्यांवर जी अक्षरे असतात, ती हिच्यावर नाहीत."

तिचे खरे होते. आपल्या देशात मासेमारीच्या होडीवर नोंदणीचा क्रमांक रंगवावा लागतो. त्यात आधी आय-एन-डी ही देशाची अक्षरे असतात, मग राज्याची. महाराष्ट्राची एम-एच, गुजरातची जी-जे. चित्रातल्या होडीवर जी-जे होते. चित्र दुसऱ्याच कोणाच्या होडीचे होते. नवरा रेवदंड्याला जाऊन आला. तिथे ना होडी, ना मालक.

आम्ही लगेच १९३० या क्रमांकावर फोन केला. मोबाइलवरून फसवणूक झाली तर हा क्रमांक सबंध देशात चालतो. पैसे गेल्याबरोबर कळवले, तर ते पुढे जाण्याआधी बँक अडवू शकते. आम्हांला उशीर झाला होता. पाच हजार गेले ते गेले. पण पाटल्या वाचल्या.

मग मोबाइलवरची जाहिरात वाईट का? नाही. जाहिरात ही बाजारातली आरोळी आहे. आरोळी ऐकून आपण दुकानापाशी जातो. आरोळीलाच पैसे देत नाही. होडी किनाऱ्यावर पाहावी, कागद कचेरीत पाहावे, मग पैसे मोजावे.

होडी पाहताना जाणता माणूस बरोबर न्यावा. म्हातारा तांडेल किंवा होडी बांधणारा सुतार असला तर उत्तम. होडी पाण्याबाहेर ओढलेली असेल तर तिचा तळ दिसतो. लाकडी होडीला समुद्राच्या पाण्यातला किडा आतून पोखरतो. वरून फळी धड दिसते. म्हणून ठोकून पाहावी. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, पोकळ लाकडाचा वेगळा. फायबरच्या होडीला तडे, ठिगळे आणि दाबल्यावर दबणारी जागा आहे का, ते पाहावे. इंजिन थंड असताना चालू करायला सांगावे. आधीच तापवलेले इंजिन चटकन चालू होते आणि दोष झाकला जातो. मग होडी पाण्यात घालून तासभर तिच्यात बसावे. तळाशी पाणी साठते का, ते पाहावे. लाकडी होडी फार दिवस कोरडी राहिली असेल, तर आधी थोडे पाणी येते. फळ्या भिजून फुगल्या की फटी मिटतात. त्यानंतरही पाणी येत राहिले, तर मात्र सावध व्हावे. होडीत पाणी आले तर नुसते पैसे बुडत नाहीत, माणसे बुडतात.

आता कागदांचे पाहू. नोंदणीचा दाखला कोणाच्या नावावर आहे? दाखल्यावरचा क्रमांक आणि होडीवरचा क्रमांक एकच आहे का? मासेमारीचा परवाना आहे का? महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याप्रमाणे समुद्रातल्या मासेमारीला परवाना लागतो. होडीवर बँकेचे किंवा मच्छीमार सोसायटीचे कर्ज आहे का? ही चौकशी सोसायटीत आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कचेरीत करावी. व्यवहार झाला की नोंद आपल्या नावावर करून घ्यावी.

हे विकणाऱ्यालाही लागू आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी गुजरातकडची 'कुबेर' नावाची मासेमारीची होडी समुद्रात बळकावली आणि तिच्यातून ते मुंबईजवळ आले. तेव्हापासून होडी कोणाची आणि तिच्यावर कोण आहे, याची विचारपूस किनाऱ्यावर फार कडक झाली. होडी विकून नाव तसेच ठेवले आणि पुढे त्या होडीने काही गैर झाले, तर पोलीस कोणाच्या दारी येतील? कागदावर ज्याचे नाव, त्याच्या दारी.

विकणाऱ्याला आणखी एका फसवणुकीची भीती असते. गिऱ्हाईक फोनवर म्हणते, "तुम्हांला पैसे पाठवतो. हा चौकोनी ठिपक्यांचा छाप मोबाइलने टिपा आणि तुमचा पिन घाला." तसे केले की आपल्या खात्यात पैसे येत नाहीत, उलट जातात. हे वाक्य पाठ करा : पैसे देताना पिन लागतो, घेताना पिन लागत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने पुढे मे महिन्यात होडी घेतली. तीही मोबाइलवरच दिसली होती. पण या वेळी तो तांडेलाला घेऊन स्वतः गेला. होडी पाण्यात घालून पाहिली. सोसायटीत कर्जाची चौकशी केली. शेवटी बायकोने दाखला हातात घेतला आणि होडीपाशी उभी राहून एकेक अक्षर, एकेक आकडा जुळवला. विकणारा म्हणाला, "बाई, किती वेळ लावता!"

ती म्हणाली, "दादा, मला वाचायला वेळ लागतो. पण वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही."

क्रमांक जुळला. मग तिने पैसे मोजून दिले. नारळी पौर्णिमेनंतर ती होडी त्यांच्या नावाने समुद्रात गेली.